पिळाच्या नोंदी

४ जानेवारी

ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढला. दुपदरी बारीक सूत, दर इंची १२ धागे, रुंदी ४८ इंच, लांबी ६ मीटर. ५७६ धागे एकेक करून ओवायला दोन दिवस गेले. शेवटच्या शंभरात दोन चुका सापडल्या, त्या आज सकाळी काढून नीट केल्या.

ठरलेलं काम असं: अडीच मीटरचा एक पडदा, बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, सात तंतू. लिनन, ताग, टसर, लोकर, व्हिस्कोस, कागदी धागा, आणि रेशमाबरोबर पोलादाची केसाइतकी बारीक तार पिळून केलेला धागा. प्रत्येकाचा आडवा पट्टा, प्रत्येकाचा रंग वेगळा, सगळे रंग वनस्पतींचे. प्रदर्शनाच्या संयोजिकाबाईंना मी ‘तंतूंचा नकाशा’ असं सांगितलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं. मलाही आवडलं होतं. दोन वर्षं मी धागे गोळा करतेय, कपाट भरलंय. हे सगळं एकदा एका कापडात यावं असं फार मनात आहे.

९ जानेवारी

आठवडाभर रंगकाम. लोकर आणि टसर तुरटीच्या पाण्यात, सुताच्या वजनाच्या १५ टक्के तुरटी. लिनन, ताग, कागद आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, मग तुरटीत; वनस्पतीचा तंतू तुरटी नुसती धरून ठेवत नाही, त्याला हिरड्यातलं टॅनिन, तुरट द्रव्य, मध्ये लागतं. मंजिष्ठेचं पातेलं मी ७० अंशांच्या वर जाऊ देत नाही, कारण जास्त तापलं की माझा लाल तपकिरीकडे झुकतो. निळीचं पिंप १-२-३ च्या मापाने लावलंय: नीळ एक भाग, चुना दोन, फळसाखर तीन. तिसऱ्या दिवशी वर तांबूस साय आली, खाली पाणी पिवळट हिरवं. त्यातून लडी बाहेर काढली की हवा लागून ती डोळ्यांदेखत हिरवी, मग निळी होते. पंधरा वर्षं हे बघतेय, अजून दर वेळी हातातलं काम थांबतं.

एक नुकसान. टसर करडं करायचं होतं म्हणून हिराकसाचं, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं, पाणी घेतलं. २५० ग्रॅम सुताला २ टक्के म्हणजे ५ ग्रॅम पुरे. पण मागच्या वेळचं उरलेलं पाणी न ओतता त्यातच नवीन ५ ग्रॅम घातले. करडा सुंदर आला, आणि धागा दोन बोटांत ताणला तर तट्‌कन तुटला. लोखंड जास्त झालं की रेशीम कुजवतं हे मला माहीत आहे, शिकवतेही. पाव किलो टसर गेलं.

२२ जानेवारी

९० सेंटिमीटर विणून झालं. सातही पट्टे एकेकदा येऊन गेले. मागावर फार देखणं दिसतं.

आज नमुना म्हणून एवढा तुकडा उतरवला. मागावर ताण असतो तोवर कापड सपाट असतंच. ताण सुटल्यावर ते काय करतं ते खरं. लोकरीचा पट्टा लगेच आत ओढला गेला. तुकडा कोमट पाण्यात भिजवून, पिळून न घेता, आडवा वाळवला. वाळल्यावर मोजमाप: लोकरीपाशी रुंदी ४३ इंच, लिननपाशी ४६, कागदी धाग्यापाशी ४७, पोलादी धाग्यापाशी जवळजवळ जेवढीच्या तेवढी. म्हणजे एकाच कापडाची रुंदी एका हाताच्या अंतरात जवळजवळ पाच इंच कमी-जास्त होतेय. पोलादाच्या पट्ट्याला जायला जागा नाही, तो फुगून उभा राहिलाय. व्हिस्कोसचा पट्टा ओला असताना स्वतःच्याच वजनाने लोंबला. व्हिस्कोसची ताकद पाण्यात निम्म्यापर्यंत उतरते आणि लिननची उलट वाढते. शेजारी शेजारी बसवले तेव्हा मी याचा विचारच केला नव्हता, मी रंगांचा विचार करत होते.

ह्यावर उपाय आहेत. प्रत्येक पट्ट्याला वेगळा ठोक, वेगळी जाडी, आधी सूत आटवून घेणं. करता येईल. पण आज तुकडा भिंतीला टाचून समोर बसले आणि दुसराच प्रश्न डोक्यात आला: ह्या सातजणांचं ह्या कापडात काम काय आहे?

२९ जानेवारी

तो प्रश्न गेला नाही.

विणकर आन्नी आल्बर्स जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकत असताना तिने पदविकेसाठी बेर्नाऊ इथल्या कामगार संघटनांच्या शाळेच्या सभागृहाकरता भिंतीचं कापड विणलं, १९२९-३० च्या सुमारास. त्यात सुतासोबत शेनिल, म्हणजे मखमलीसारखा केसाळ धागा, होती आणि सेलोफेन, चकचकीत पारदर्शक पापुद्रा, होता. सेलोफेन त्या काळी नवलाईचा, पण तिने तो नवलाईसाठी घेतला नव्हता. सभागृहात आवाज घुमत होता, म्हणून आवाज शोषणारी शेनिल मागच्या बाजूला, आणि उजेड परतवायला सेलोफेन पुढच्या बाजूला. प्रत्येक धाग्याला नेमून दिलेलं काम. धागा बदलला असता तर कापड त्या जागी निकामी झालं असतं.

माझ्या पडद्यातला कागदी धागा काढून तिथे ताग घातला तर काय बिघडेल? काहीच नाही. फक्त माहितीच्या पाटीवरचं एक नाव कमी होईल. हे लिहायला जड गेलं.

माग्दालेना आबाकानोविचने साठच्या दशकात जुने दोर उकलून त्यांच्या सिसलमधून, घायपातीच्या तंतूतून, माणसाहून मोठी कापडं विणली. मृणालिनी मुखर्जींनी आयुष्याची कितीतरी वर्षं एकाच प्रकारच्या दोराच्या गाठी मारण्यात घातली, आणि त्या दोरातून झाडासारख्या, देवतेसारख्या आकृत्या उभ्या केल्या. दोघींकडे सामान फार थोडं होतं. त्यांनी एकाच वस्तूला पुन्हा पुन्हा विचारलं. मी मात्र दर सहा महिन्यांनी नवी वस्तू आणली आणि तिला एकदाच विचारलं.

६ फेब्रुवारी

पाच वर्षांपूर्वी विणलेलं एक कापड आज परत आलं. ज्या घरात होतं त्यांनी संकोचून विचारलं, “रंग पुन्हा चढवता येईल का?” मोठ्या खिडकीच्या समोरच्या भिंतीवर ते सगळा वेळ होतं.

मी पतंगाच्या लाकडाचा लाल दिला होता. पतंग उजेडाला कच्चा, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तो लाल मंजिष्ठेत मिळत नाही, आणि मला तोच हवा होता. आज ते कापड उलगडलं तर समोरची बाजू वाळक्या पानासारखी. खालची दुमड उसवून पाहिली. आत दोन बोटं रुंदीची पट्टी अजून तशीच लाल होती. त्या पट्टीकडे बघवेना.

शिल्पकार इव्हा हेस १९७० साली ३४ व्या वर्षी गेली. तिची लेटेक्समधली, रबराच्या चिकातली, कामं तेव्हा अर्धपारदर्शक, मऊ होती. आता ती काळवंडून ठिसूळ झाली आहेत, काही तर मांडताही येत नाहीत. लेटेक्स टिकणार नाही याची तिला कल्पना होती. तिने ते पत्करलं होतं, आणि ते तिच्या कामाच्या आत होतं. माझ्या पतंगाचं तसं नाही. मी ते पत्करलं नव्हतं, मी तिकडे पाहायचं टाळलं होतं. आणि नुकसान दुसऱ्याच्या भिंतीवर झालं.

रंग पुन्हा चढवून देईन, मंजिष्ठा आणि निळीवर. पैसे घेणार नाही. तसं कळवलं.

७ फेब्रुवारी

काल रात्री ते फिकं कापड खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलं होतं. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला आणि कापडावर पट्टे दिसले.

मी पट्टे विणलेच नव्हते. एकरंगी, साधी वीण, एकच सूत. मी दोन पावलं डावीकडे गेले तर उजळ पट्टे गडद झाले आणि गडद होते ते उजळले. उजवीकडे आले, पुन्हा उलट. जवळ जाऊन नाक लावलं तर पट्टे नाहीसे. हाताला दोन्हीकडे पोत सारखाच.

१० पट भिंग लावलं. उजळ पट्ट्यातला बाण्याचा धागा नीट पाहिला: त्यावरचे तंतू खालून डावीकडून वर उजवीकडे चढत होते. शेजारच्या पट्ट्यात उलट, खालून उजवीकडून वर डावीकडे. एका जागी झेड-पीळ, दुसऱ्या जागी एस-पीळ. धागा उभा धरला की मधली तिरपी रेघ ज्या अक्षरासारखी पडते त्याचं नाव पिळाला. खात्रीसाठी दुमडीतून दोन्हीकडचा एकेक धागा काढून चिमटीत उलगडला. एक उजवीकडे फिरवल्यावर सैल झाला, दुसरा डावीकडे फिरवल्यावर.

मग पाच वर्षांपूर्वीची वही काढली. तिथे माझ्याच अक्षरात एक ओळ: “सूत कमी पडलं, दुसरीकडून आणलं. जाडी तीच. आलटून पालटून वापरतेय म्हणजे रंगातला फरक कळणार नाही.” पीळ उलटा आहे हे पाहिलंही नव्हतं. वर गडद लाल होता, त्याखाली पाच वर्षं ते पट्टे होते, आणि कोणाला दिसले नाहीत. मला नाहीत, त्या घरात राहणाऱ्यांना नाहीत. रंग गेला तेव्हा कापड दिसलं.

दिवसभर दुसरं काही केलं नाही. खुर्ची खिडकीपासून सरकवत राहिले.

१० फेब्रुवारी

बाईंना फोन केला. मी विणायला त्यांच्याकडे शिकले. आता त्यांचे डोळे थकलेत, पण बोट लावून सूत ओळखतात. सगळं सांगितलं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “अगं, पहिल्या वर्षी मी तुला पीळ मोजायला लावायची तेव्हा तू कंटाळायचीस. आठवतंय?”

“आठवतंय बाई. मला तेव्हा रंगाच्या खोलीत जायचं असायचं.”

“जा की. पण सुताला आधी विचार ते कुठल्या बाजूला वळलंय. मग त्याला काय नेसवायचं ते बघ.”

मी विचारलं, मुद्दाम दोन्ही पिळांचं काम करून पाहू का. त्या म्हणाल्या, “पट्टे दिसतील तेवढ्यावर थांबू नकोस. जास्त पीळ दे. जास्त पीळ दिलेलं सूत गप्प बसत नाही.”

१४ फेब्रुवारी

वाचन आणि नोंदी, हात न लावता.

पीळ ही जगभरच्या कापडावरची खूण आहे. प्राचीन इजिप्तमधलं लिनन बहुतेक एस-पिळाचं, भारतातलं सूत झेड-पिळाचं. लाल समुद्राच्या काठावरच्या बेरेनिके या जुन्या बंदरात सापडलेल्या सुती चिंध्यांमध्ये झेड-पिळाच्या ज्या आहेत, त्या भारतातून आल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. रंग कधीच उडालेला असतो, नक्षी कुजलेली असते, आणि दोन हजार वर्षांनीही कातणाऱ्याचा हात कुठल्या बाजूला फिरला ते त्या चिंधीत राहतं. हे वाचून मी खूप वेळ थांबले.

जॉर्जेटमध्ये ताण्यातही आणि बाण्यातही दोन धागे एस, दोन झेड असा क्रम चालतो. क्रेप द शीन या रेशमी कापडात ताणा शांत, जवळजवळ बिनपिळाचा, असतो आणि फक्त बाणा तसा. रेशमाच्या अशा धाग्याला मीटरमागे २००० ते ३००० पीळ असतात. कच्चं रेशीम असतं तेव्हा त्याच्या अंगचा डिंक, सेरिसिन, हा पीळ थोपवून धरतो. कापड विणून झाल्यावर साबणाच्या पाण्यात डिंक काढला की पीळ मोकळा होतो आणि कापड रवाळ होऊन आकसतं. सगळे धागे एकाच पिळाचे असले तर रवा येत नाही, उभ्या चुण्या पडतात. नक्षी धाग्याच्या आत भरून ठेवायची आणि पाण्याने सोडवायची, असा हा प्रकार आहे.

तिरप्या विणीचंही असंच. धाग्याचा पीळ आणि विणीची तिरपी रेघ एकमेकींच्या उलट असल्या तर रेघ उठून दिसते, एकाच दिशेच्या असल्या तर बुजते. हे मी पुस्तकी परीक्षेत लिहिलंय. वापरलं कधीच नाही.

२० फेब्रुवारी

गेल्या तीन वर्षांच्या वह्या काढून एक साधी मोजणी केली. प्रत्येक नोंदीसमोर खूण: रंग, सूत, माग, की सामान शोधणं. रंगाचे दिवस मागाच्या दिवसांच्या दुपटीहून जास्त निघाले. सामान शोधण्याचे दिवस मागाच्या दिवसांइतके. सूत कातण्याचे एकंदर अकरा.

मी स्वतःला विणकर म्हणवते.

ठरवलं:

सात तंतूंचा पडदा थांबवते. विणलेला ९० सेंटिमीटरचा तुकडा चिठ्ठी लावून खणात. राहिलेल्या ताण्यावर बिनरंगी लोकरीचा बाणा, एकच लोकर, मी स्वतः कातलेली, दोन पिळांची. दुसरं काहीही नाही. हे एवढं लिहिताना पोटात गोळा आला, कारण संयोजिकाबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.

२ मार्च

चरखा. चाक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की झेड, उलट फिरवलं की एस. बारीक एकपदरी सूत आणि नेहमीच्या दुप्पट पीळ, इंचाला वीसच्या आसपास. पहिले चार दिवस सूत तुटत राहिलं. पीळ जास्त झाला की धागा आधी घट्ट होतो, मग गारगोटीसारखा कडक, आणि मग तुटतो. त्या दोन पायऱ्यांमधली जागा बोटांना कळायला चार दिवस लागले. कानांनाही कळते: तुटण्याआधी धागा चातीच्या टोकाशी किंचित वेगळा वाजतो.

उलट्या बाजूला कातताना हात परके वाटतात. झेडची लडी दिवसात होते, एसला दीड दिवस.

हे सूत मोकळं सोडता येत नाही. हातभर लांब धरून दोन्ही टोकं जवळ आणली की मधला भाग स्वतःभोवती गुंडाळून वेटोळं होतो, आणि एकदा गाठ बसली की सुटत नाही. म्हणून लडी ताणून, पातळ खळ लावून, वजन टांगून वाळवली. खळीने पीळ झोपतो. कांडीवर भरताना तो गरीब दिसतो, साध्या सुतासारखा.

९ मार्च

तीन नमुने, प्रत्येक ३० सेंटिमीटर रुंद, विरळ वीण. विरळ हवीच, धाग्याला वळायला जागा पाहिजे. अ: सगळा बाणा झेड. आ: दोन झेड, दोन एस, आलटून पालटून. इ: चार सेंटिमीटर झेड, चार सेंटिमीटर एस, असे पट्टे.

मागावरून उतरवले तेव्हा तिन्ही सारखेच, जाळीदार, खळीने ताठ, मांजरपाटासारखे निर्जीव. परात भरून कोमट पाणी घेतलं आणि आधी अ सोडला.

पहिले काही क्षण काही नाही. तुकडा पाण्यावर पसरलेला, कडेला दोन बुडबुडे. मग मध्यापाशी एक धागा हलला. त्याच्या शेजारचा. कापडाच्या अंगावरून उभी लाट गेल्यासारखी झाली आणि त्याच्या मागे चुण्या पडत गेल्या, एकीला लागून दुसरी, कोणीतरी आतून बोटाने ओढत असल्यासारख्या. कडा आत येत राहिल्या. मी पाण्याला हात लावला नव्हता. मिनिटभरात ३० सेंटिमीटरचा तुकडा परातीच्या मधोमध तळहाताएवढा रुंद होऊन बसला होता. खळ पाण्यात विरून ढगाळ झाली होती.

वाळल्यावर माप: अ १६ सेंटिमीटर, बारीक उभ्या चुण्या, ताणलं की लांबतो आणि सोडलं की परत जातो. आ २१ सेंटिमीटर, सगळीकडे सारखा रवा, वाळूवरून वारा गेल्यासारखा. इ सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय. झेडच्या पट्ट्यातल्या चुण्या किंचित एका बाजूला कलतात, एसच्या दुसऱ्या. जिथे दोन पट्टे भेटतात तिथे कापडाला ठरवता येत नाही आणि ते तिथे एक बारीक कण्यासारखा उंचवटा करतं. उजेड तिरपा पडला की एकाआड एक पट्टा उजळतो. चाललं की ते जागा बदलतात. आणि सगळं एकाच मेंढीच्या लोकरीच्या रंगाचं, साय आणि राख यांच्या मधलं.

बाईंना तिन्ही नमुने नेऊन दिले. त्यांनी इ घेतला, डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला, उंचवट्यापाशी थांबल्या. “इथे हात बदललास,” म्हणाल्या.

१९ मार्च

१५ तारखेला संयोजिकाबाईंशी बोलले. आधी लिहून काढलं होतं, मग कागद बाजूला ठेवला आणि जसं झालं तसं सांगितलं. त्या गप्प झाल्या. म्हणाल्या, “तुमच्या रंगांसाठी लोक येतात. हे पांढरं दिसेल.” मी म्हणाले, हो, समोरून पाहिलं तर पांढरंच दिसेल. नमुना इ पाठवते, तुम्ही तो भिंतीला लावा आणि समोरून चालत जा, मग ठरवा. ते नको म्हणालात तर मी समजेन.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्या हो म्हणाल्या, पण अट घातली: वरून पडणारा उजेड नको, एका बाजूने पाहिजे, आणि जागा भिंतीलगत चालत जाता येईल अशी. ही अट मला सुचायला हवी होती. कापडाचं अर्धं काम उजेडाचं आहे. संग्रहालयात नाजूक कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण तिथे रंग वाचवायचा असतो. माझ्यावर आता ती काळजी नाही, पण लोकरही उजेडाने पिवळी पडते, हे त्यांना आणि स्वतःला बजावलं. न रंगवलेलं म्हणजे न बदलणारं असं नाही.

२७ मार्च

निळीचं पिंप अजून जिवंत आहे. रोज झाकण काढून ढवळते, चुना-साखर देते. आज वास घेतला आणि रडू आलं. पंधरा वर्षांची सवय आहे ती. रंग वाईट असं मी म्हणत नाहीये, कधी म्हणणार नाही. परत आलेल्या कापडाला आज त्याच पिंपात चार बुडव्या दिल्या, त्याआधी मंजिष्ठा. गडद जांभळा आला, आणि त्यातही, तिरपं धरलं की, पट्टे पुसट दिसतात. आता मला माहीत आहे म्हणून मला दिसतात. त्या घरच्यांना मी दाखवणार आहे.

कुठला रंग किती उजेड झेलतो याची चाचणीही अखेर लावली: सोळा रंगांच्या पट्ट्या, अर्ध्यावर पुठ्ठा, खिडकीत, शेजारी निळ्या लोकरीच्या आठ प्रमाण पट्ट्या. एक क्रमांकाची सर्वांत कच्ची, पुढची प्रत्येक साधारण दुप्पट टिकणारी. हे पाच वर्षांपूर्वी करायचं काम. यापुढे ह्या चाचणीत न बसलेला रंग मी दुसऱ्याच्या भिंतीवर पाठवणार नाही.

आणखी एक बदल. विणकर-कलाकार शीला हिक्स पन्नासच्या दशकापासून वहीच्या पानाएवढ्या छोट्या चौकटीवर छोटी विणकामं करत आली आहे, मोठी स्मारकासारखी कामं चालू असतानाही. मीही सकाळचा पहिला तास तेवढ्याच आकाराच्या चौकटीला दिला आहे. तिथे रंग चालतो, कागद चालतो, पोलादही चालतं. अट एकच लिहून टाचली आहे: आज ह्या धाग्याचं काम काय? उत्तर येईपर्यंत एकच धागा. कागदी धागा नऊ दिवस झाले चालू आहे. सातव्या दिवशी कळलं की तो घडी धरतो आणि सोडत नाही. दोन वर्षं कपाटात होता.

११ एप्रिल

मोठं काम मागावर. ४८ इंच रुंद, ओलं झाल्यावर तीसच्या आसपास येईल असा हिशोब. पट्टे समान ठेवले नाहीत: झेडचे खालून वर जाताना अरुंद होत जातात, एसचे रुंद.

अवघड ते हे की विणताना काहीच दिसत नाही. खळीने ताठ, सपाट, पांढरट कापड पुढे सरकतं आणि मला त्यावर विश्वास ठेवावा लागतो. पूर्वी संध्याकाळी मागासमोर उभं राहिलं की दिवसाचा रंग दिसायचा. आता संध्याकाळी फक्त वहीतली ओळ असते: झेड ६२ बाणे, एस ४०. चुकीची कांडी उचलली तरी डोळ्याला कळणार नाही. म्हणून एसच्या कांड्यांना निळीत बुडवलेल्या दोऱ्याची गाठ बांधली आहे. पिंपाला एवढं काम मिळालं.

२५ एप्रिल

उतरवलं. पावणेतीन मीटर. एवढं मोठं परातीत मावत नाही; स्नानगृहाच्या फरशीवर लाकडी चौकट ठेवून त्यात जाड प्लास्टिक अंथरून टाकी केली. बाई आल्या, खुर्ची टाकून दारात बसल्या. “मला ऐकू येईल,” म्हणाल्या.

कापड घडीघडीने पाण्यात सोडलं. ते एकदम आकसलं नाही. खालच्या टोकापासून सुरुवात झाली, जिथे झेडचे पट्टे रुंद आहेत, आणि हालचाल वर सरकत गेली, एका पट्ट्यापाशी अडखळत, पुढे जात. ओल्या लोकरीचा बारीक चरचर आवाज खरंच येतो, मी पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं. वरच्या टोकाला पोचायला जवळजवळ सहा मिनिटं लागली. बाईंनी तोवर एक शब्द काढला नाही.

वाळल्यावर रुंदी खाली २८ इंच, वर ३३. कड सरळ नाही, पण ह्या वेळी ती का वळते ते मला कळतं: रुंद झेड-पट्ट्यांपाशी आत, रुंद एस-पट्ट्यांपाशी थोडी बाहेर, कारण माझा एसचा हात अजून कमी पीळ देतो. वरून तिसऱ्या हातावर एक चूक आहे. झेडच्या पट्ट्यात एका कांडीपुरते बाणे एसचे गेलेत, गाठ सुटली असणार. तिथे चुण्यांच्या मध्ये चिंचोळी, गुळगुळीत वाट तयार झाली आहे. उसवायची तर वरचं सगळं उसवावं लागेल. बाईंचं बोट नेमकं त्या जागी धरलं आणि विचारलं, काढू का. त्यांनी दोनदा पुढे-मागे फिरवलं.

“किती बाणे आहेत?”

“अठ्ठावीस.”

“वहीत लिहून ठेव,” म्हणाल्या. “आणि पुढच्या ताण्यावर मुद्दाम घाल.”

लिहिलं. उद्या त्या २८ बाण्यांचा छोटा नमुना लावतेय, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रुंदीचे झेड ठेवून.